पत, ऐपत आणि कार्डोपंत

हॉटेलात जेवण संपून बडीशेप आली की आपण सगळे एकदम नम्र होतो. कुणाला महत्त्वाचा फोन येतो, कुणी दुसऱ्यांदा हात धुवायला जातो, कुणी पाण्याचा शेवटचा घोट लांबवत बसतो. बिलाचं काळं पाकीट टेबलाच्या नेमकं मधोमध पडलेलं असतं आणि ते कुणालाच दिसत नसतं. अशा वेळी जो झडप घालून ते पाकीट उचलतो, 'छे छे, मी देतो' म्हणतो, आणि दुसऱ्या कुणाचा हात खिशाकडे गेलाच तर त्याचं मनगट धरतो, त्याला लोक दिलदार म्हणतात. आमच्या कार्डोपंतांनाही पहिल्यांदा भेटणारे तसंच म्हणतात. दहा मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर हिशेब येऊन पडतो: 'माणशी ३८७. ज्यांनी ताक घेतलं त्यांचे ४२७. कृपया आजच पाठवावे.'

म्हणजे बिल त्यांच्या कार्डावर जातं, आमचे पैसे त्यांच्या खात्यावर येतात, आणि मधल्या मध्ये आठ जणांच्या जेवणाचे पॉइंट पंतांच्या पदरात पडतात. पाच टक्क्यांनी दीडशेच्या आसपास. त्यांची बासुंदी त्यात निघते. यात कुणाचं काही गेलेलं नसतं, तरी घरी जाताना आपल्याला कुणीतरी वापरून घेतलंय असं वाटत राहतं.

पंतांचं खरं नाव सोसायटीच्या पाटीवर आहे, ते मी सांगणार नाही. सांगायची गरजही नाही, कारण प्रत्येक ऑफिसात आणि प्रत्येक सोसायटीत एक कार्डोपंत असतोच. पूर्वी प्रत्येक वाड्यात होमिओपॅथीच्या गोळ्या फुकट देणारे एक गृहस्थ असायचे ना, त्यांच्याच गादीवर हे आलेले आहेत. दार सदैव उघडं, फी नाही, आणि तुम्ही आजारी नसलात तरी तपासतात.

आमच्या पंतांकडे अकरा कार्डं आहेत. पाकीट मागच्या खिशात ठेवून बसले की ते किंचित डावीकडे कलतात. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर वहिनी दुधाचे खाडे मांडतात, त्याच चौकटीत पंतांची लाल खूण असते. चतुर्थीच्या खाली 'स्टेटमेंट', एकादशीच्या खाली 'शेवटची तारीख'. एका वर्षी दसरा नेमका वीस तारखेला आला. घरात नवा फ्रिज घ्यायचा होता. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, म्हणून वहिनींनी जागा झाडून रांगोळी काढली. पंत म्हणाले, "त्या कार्डाचं बिल वीसला बनतं. आज घेतला तर पैसे भरायला अठरा दिवस, उद्या घेतला तर अठ्ठेचाळीस." शेवटी दसऱ्याला रिकाम्या जागेची पूजा झाली आणि फ्रिज एकवीसला आला. वहिनींनी त्याला हळदकुंकू लावलं नाही. अजून लावलेलं नाही.

तरी पंतांना नुसता पॉइंटांचा हावरा म्हणणं अन्यायाचं होईल. विषयाचा त्यांचा अभ्यास दांडगा आहे. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचं पहिलं कार्ड निघालं ते पुठ्ठ्याचं होतं आणि आपल्याकडे सेंट्रल बँकेने १९८० मध्ये कार्ड काढलं, हे त्यांचं लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत सांगून होतं. चारने सुरू होणारा नंबर व्हिसाचा, पाचने मास्टरकार्डचा, सहाने बहुतेक रुपेचा. शेवटचा आकडा शोभेचा नसतो, आधीच्या सगळ्या आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो, म्हणून नंबर चुकीचा टाकला तर यंत्राला लगेच कळतं. आयबीएममधल्या लून नावाच्या माणसाची ही युक्ती. पंत त्याचं नाव असं घेतात की तो त्यांचा मावसभाऊ वाटावा.

कार्ड विकायला फोन करणाऱ्या मुलींना ते कधीही झिडकारत नाहीत, त्यामुळे त्या मुली घाबरून असतात. "सर, आपल्याला लाइफटाइम फ्री कार्ड मंजूर झालंय" असं एकीने म्हणताच पंतांनी खुर्ची ओढून घेतली. "लाइफटाइम म्हणजे कुणाचं? माझं, कार्डाचं, की तुमच्या स्कीमचं?" ती म्हणाली, "सरांना विचारून सांगते." मग त्यांनी इंधन-अधिभाराची सूट किती रुपयांपर्यंत, भाडं भरलं तर पॉइंट मिळतात का, विम्याच्या हप्त्यावर मिळतात का, मिळालेले पॉइंट किती वर्षांत मरतात, हे सगळं विचारलं. पंचविसाव्या मिनिटाला फोन तिकडून कट झाला. पंतांनी पुन्हा लावून बघितला.

खरा रंग चढतो तो कुणी 'कार्ड कुठलं घेऊ?' म्हणून विचारायला आलं की. आमच्या ऑफिसात नव्याने लागलेला एक मुलगा असाच गेला होता. त्याला काळं, धातूचं, टेबलावर टाकलं की ठण्ण वाजणारं कार्ड हवं होतं. पंतांनी त्याला पहिला प्रश्न केला, "महिन्याचं बिल पूर्ण भरणार की थोडं थोडं?" मुलगा म्हणाला, "बघू, जसं जमेल तसं." पंतांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मग तुला कार्ड नकोय, तुला पगारवाढ हवीय. ती माझ्याकडे नाही."

मुलगा ओशाळला आणि पूर्ण भरीन म्हणाला. तेव्हा कुठे नाडीपरीक्षा पुढे सरकली. पैसे जातात कुठे? पेट्रोल, मोबाइल, रात्रीचं घरपोच जेवण, आणि आईला गावी पाठवतो ते. विमानाने वर्षातून कितीदा? एकदाही नाही. "तर मग विमानतळाच्या लाउंजसाठी वर्षाला दहा हजार फी देऊन तू काय करणार, स्वारगेटला बसणार?" त्यांनी त्याला बिनफीचं, जेवणावर आणि ऑनलाइन खरेदीवर थेट पैसे परत देणारं एक साधं कार्ड सुचवलं. पॉइंटांच्या वाटेला जाऊ नकोस म्हणाले, कारण पॉइंट म्हणजे त्या बँकेचं चलन, त्याचा भाव ती केव्हाही पाडते. जोडीला एक रुपेचं घे म्हणाले, यूपीआयला जोडता येतं, चहाच्या टपरीवरचा क्यूआरही चालतो. २०२२ पासून ही सोय आहे आणि ती फक्त रुपेच्याच क्रेडिट कार्डाला. मर्यादा दोन लाखांची मिळाली तरी साठ हजारांच्या वर वापर दाखवू नकोस, सिबिलला माणूस हपापलेला वाटतो. मुलाने सगळं लिहून घेतलं. धातूचं कार्ड त्याने तरीही घेतलं, हे मला माहीत आहे, कारण कँटीनमध्ये ठण्ण आवाज येतो.

तळमजल्यावरच्या निवृत्त बाईंची केस याच्या उलट. त्यांना मुलीकडे अमेरिकेत जायचं होतं आणि मुलीने 'आई, एक कार्ड असू दे' म्हणून धोशा लावला होता. बँकेने अर्ज परत पाठवला. कारण काय, तर बाईंना स्कोअरच नाही. सिबिलचे गुण तीनशे ते नऊशे असतात, बाईंच्या नावापुढे उणे एक. पस्तीस वर्षं शाळेत पोरांना गुण देऊन निवृत्त झालेल्या त्या माउलीचा संताप मी डोळ्यांनी पाहिला आहे. "जन्मात कुणाचा एक पैसा ठेवला नाही, म्हणून यांना माझा भरवसा नाही?" पंत शांतपणे म्हणाले, "बाई, पोहायला येतं का हे पाण्यात पडल्याशिवाय कसं कळणार? तुम्ही काठावर आयुष्य काढलंत." मग त्यांनी बाईंना मुदतठेवीवर मिळणारं कार्ड काढून दिलं. ठेव बँकेत व्याज खात पडून राहते आणि तिच्या जोरावर कार्ड मिळतं. परदेशात वापरलं की साधारण साडेतीन टक्के जास्त कापतात आणि त्यावर पुन्हा जीएसटी, म्हणून तो आकार कमी असलेलं कार्ड त्यांनी आधी हुडकलं होतं. निघताना विमानतळावर सोडायला गेले तेव्हाही शेवटचं वाक्य हेच: "बाई, तिथल्या मशीनने 'रुपयात भरू की डॉलरमध्ये' विचारलं तर डॉलर म्हणा. रुपया बघून हुरळू नका, त्यात त्यांचा दर असतो." बाईंच्या जावयाने नंतर फोनवर सांगितलं की सासूबाई तिथल्या दुकानात मोठ्याने 'डॉलर, डॉलर' म्हणतात.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगायला मला लाज वाटते, पण पंतांचं चित्र तिच्याशिवाय पुरं होणार नाही. मी एका जूनच्या तीन तारखेला चाळीस हजारांचा फोन घेतला. २५ तारखेला बिल आलं. त्यात वर चाळीस हजार आणि खाली, बऱ्यापैकी ठळक, 'मिनिमम ड्यू २,०००'. मला वाटलं हाच हप्ता. बँकेचा स्वभाव किती समजूतदार, असंही वाटलं. १४ जुलैला दोन हजार भरले आणि निवांत झालो. पुढच्या बिलात देणं होतं चाळीस हजार सातशे चौऱ्याण्णव. म्हणजे दोन हजार भरून कर्ज आठशेनी वाढलं होतं.

मी ते बिल पंतांकडे नेलं. एक्स-रे बघणारे डॉक्टर जसे काही न बोलता 'हं' करतात तसं त्यांनी केलं. "महिन्याला साडेतीन टक्के. वर्षाचे बेचाळीस. उरलेल्या अडतीस हजारांवर नव्हे हो, भरणा होईपर्यंत पूर्ण चाळीसवर, आणि तेही खरेदीच्या दिवसापासून. वर व्याजावर अठरा टक्के जीएसटी. पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदत संपली. आता या कार्डावर कोथिंबीर घेतलीस तरी तिला पहिल्या दिवसापासून व्याज." मी म्हटलं, "हे कायद्यात बसतं?" तर म्हणाले, "२००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तीस टक्क्यांच्या वर घेऊ नका म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. आपल्याकडे छत्तीसचा आकडा म्हणजे भांडण. यांच्याकडे छत्तीसचा आकडा म्हणजे सुरुवात."

त्या दिवशी त्यांनी मला नवं कार्ड सुचवलं नाही, आणि जुनं कात्रीने कापायचं नाटकही केलं नाही. ऑफिसच्या पतपेढीतून बारा टक्क्यांनी कर्ज काढायला लावलं आणि कार्डाचं देणं एका फटक्यात मिटवलं. पतपेढीच्या खिडकीपाशी माझ्याशेजारी उभे राहिले, जामीन म्हणून सहीही केली. सही करता करता म्हणाले, "ऐपत या शब्दातच पत आहे, बघ. बँक तुला फक्त मागची दोन अक्षरं देते. 'ऐ' तुझा तू आणायचा." हे वाक्य त्यांनी आधी पाच-पन्नास लोकांना ऐकवलेलं आहे, पण जामीन राहून ऐकवलं की वाक्याला वजन येतं.

एवढं सगळं कळणारा हा माणूस स्वतः मात्र फीमाफीच्या मागे वेडा होतो. त्यांच्या एका कार्डाची वार्षिक फी २,९९९. जीएसटी धरून साडेतीन हजारांच्या वर जाते. वर्षात तीन लाख खर्च केला तर माफ. आणि अकराही कार्डांची वर्षं वेगवेगळ्या महिन्यांत संपतात, त्यामुळे त्यांच्या घरी वर्षातून अकरा वेळा मार्च येतो. असा मार्च आला की पंत संध्याकाळी जिन्यात उभे राहून विचारतात, "कुणाला काही मोठं घ्यायचंय का?" आमच्या बिल्डिंगमधली दोन वॉशिंग मशीन, एक गिरणी आणि एका मुलाच्या क्लासची फी त्यांच्या कार्डावरून गेलेली आहे. एकदा अठरा हजार चारशे कमी पडत होते, तेव्हा एका मुलीच्या लग्नाच्या हॉलचे पैसे मी भरतो म्हणून ते तिच्या वडिलांबरोबर गेले. वडिलांचे डोळे भरून आले. हॉलवाला म्हणाला, कार्डाला दोन टक्के वर पडतील. पंतांनी बोटांवर गणित केलं आणि मुलीच्या वडिलांना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही चेकच द्या."

वहिनींनी एकदा वर्षभराचा हिशेब मागितला होता. पंतांनी अभिमानाने सांगितलं, चौदा हजार वाचले. वहिनींनी माळ्याकडे बोट दाखवलं. तिथे तीन किटल्या, एक पाव भाजायचं यंत्र आणि खोक्यातून न काढलेली व्यायामाची सायकल होती. मग दोघं बराच वेळ काही बोलले नाहीत. सायकलवर अजून वॉरंटी आहे, एवढंच पंत म्हणाले.

लाउंजचंही तसंच. पुणे विमानतळावर ते उपाशीपोटी तीन तास आधी पोचले, का तर दोन रुपयांचं स्वाइप आणि आत पोटभर इडली. मशीनने नकार दिला. मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला तरच प्रवेश, अशी अट मधल्या काळात आली होती, आणि पंत २१२ रुपयांनी मागे पडले होते. वहिनींनी पिशवीत लसणाची चटणी आणि दशम्या ठेवल्याच होत्या. त्या त्यांनी लाउंजच्या काचेसमोर बसून खाल्ल्या.

पण त्यांचं सगळ्यात मोठं दुःख वेगळंच आहे. कार्ड बंद करायला सांगितलं तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झालं पाहिजे, नाही झालं तर बँकेने रोजचे पाचशे रुपये ग्राहकाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. थकबाकी मात्र नसावी. पंतांनी नियम वाचला आणि एक नको असलेलं कार्ड बंद करायला टाकलं. रोज सकाळी ते आम्हाला दिवस सांगायचे. चौथा. पाचवा. शनिवार-रविवार आला, धाकधूक वाढली. बँक सरकारी कामासारखी चालते असा त्यांना विश्वास होता. सहाव्या दिवशी दुपारी मेसेज आला, 'आपले कार्ड बंद करण्यात आले आहे.' तेव्हा त्यांचा झाला तसा चेहरा मी नोकरीवरून काढलेल्या माणसाचाही पाहिलेला नाही.

कोजागिरीला गच्चीवर मसालादूध पिताना एकदा ते वेगळंच बोलले. त्यांचे वडील वाईला प्राथमिक शाळेत गुरुजी होते. पगार एक तारखेला आणि वीस तारखेपासून किराणा वहीवर. वही घेऊन यांना पाठवायचे. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं उभी असायची. शेठ लाल कापडाची वही उघडून पानं उलटायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "गुरुजींना सांग, मागची बाकी आहे." एकदा गोडेतेलाची बरणी तशीच रिकामी परत आणली होती. तेव्हा पंत नऊ वर्षांचे.

"मशीन मोठ्याने बोलत नाही," पंत म्हणाले. आणि लगेच, "दुधात वेलदोडा जास्त झालाय."

मागच्या महिन्यात एका लग्नाला आम्ही दोघं वाईला गेलो होतो. मुहूर्त दुपारचा. आधी ढोल्या गणपतीला जाऊन येऊ म्हणाले. वाटेत ते एका दुकानापाशी थांबले. नारळ, कापूर, खडीसाखर. चौसष्ट रुपये झाले. पंतांनी मोबाइल काढला, रेंज नव्हती. गल्ल्यापाशी कार्डाचं मशीन नव्हतं. खिशात पाचशेची एक नोट, आणि शेठच्या मुलाकडे, म्हणजे आता पन्नाशीच्या शेठकडे, सुट्टे नव्हते. अकरा कार्डांचा धनी चौसष्ट रुपयांसाठी दुकानात अवघडून उभा होता.

शेठने निरखून पाहिलं. "गुरुजींचे ना तुम्ही? मग राहू द्या की. मांडून ठेवतो."

आणि त्याने फळीवरून वही काढली. कापड लालच होतं.

पंतांनी घसा खाकरला. "कधी द्यायचे?"

"या पुढच्या वेळी."

"म्हणजे कुठल्या तारखेला?"

शेठने माझ्याकडे पाहिलं. ह्यांना बरं आहे ना, असा तो प्रश्न होता. मी नारळ उचलला आणि पंतांना घाटाकडे ओढलं.

पंगतीत ते माझ्या शेजारी होते, पण जिलबीच्या वेळी उठले ते अर्ध्या तासाने आले. संध्याकाळी पुण्याच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर मी विचारलं, "देऊन आलात ना?"

"दिले." पसरणीचा घाट मागे धूसर होत होता. ते बराच वेळ तिकडे बघत राहिले. "त्याने वहीत माझं नाव घातलंच नव्हतं रे. 'गुरुजी' असं लिहून खाली चौसष्ट मांडले होते."

"मग? खोडायला लावलंत?"

"रक्कम खोडली. नाव म्हटलं राहू द्या." तिकिटाची घडी त्यांनी पाकिटात, कार्डांच्या मागे सरकवली. "खातं चालू आहे अजून. फी विचारली, हसला."

मग कात्रजच्या बोगद्यात दिवे लागले तेव्हा, मला वाटलं झोपले असतील, तर स्वतःशीच म्हणाले, "लाइफटाइम फ्री."